जर्मनीत छोटं विमान शिकायचंय, इंग्लिश चांगलं आहे पण जर्मन जेमतेम: काय करायचं

म्युनिक, स्टुटगार्ट, फ्रँकफर्टकडच्या आपल्या लोकांकडून हा प्रश्न बऱ्याचदा येतो, की ऑफिस सगळं इंग्लिशमधे चालतं, जर्मन ए-टू नाहीतर बी-वन पर्यंतच झालंय, मग इथे वीकेंडला विमान उडवायला शिकता येईल का? येईल. कायदा आड येत नाही, पासपोर्ट भारतीय असला तरी चालतं. पण इंग्लिशवर कुठपर्यंत भागतं आणि कुठून पुढे जर्मन लागतंच हे आधी माहीत असलेलं बरं, कारण ते न कळल्यामुळे लोक एकतर सुरूच करत नाहीत, नाहीतर महागड्या शाळेत पैसे घालून अर्ध्यात सोडतात.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पूर्ण इंग्लिशमधे शिकवणारी शाळा शोधत बसू नका, गावाजवळचा फ्लाइंग क्लब धरा आणि रेडिओपुरतं जर्मन शिकून घ्या. हे असं का म्हणतोय ते खाली रेडिओच्या भागात येईल.

आधी लायसन्स कुठलं ते ठरवा. युरोपात दोन मुख्य, एलएपीएल (हलक्या विमानांचं लायसन्स) आणि पीपीएल (खासगी वैमानिकाचं लायसन्स). एलएपीएलला कमीत कमी ३० तास उड्डाण लागतं, त्यात १५ तास इन्स्ट्रक्टरबरोबर आणि ६ तास एकट्याने. पीपीएलला ४५ तास, त्यात २५ बरोबर आणि १० एकट्याने, शिवाय एकट्याने एक लांबची फेरी किमान २७० किलोमीटरची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. हे कागदावरचे आकडे झाले, नोकरी करून शिकणाऱ्याला बहुतेक वेळा जास्तच लागतात, त्यामुळे ४५ तासांचा हिशोब करून बजेट बांधू नका. तिसरा पर्याय यूएल म्हणजे अल्ट्रालाइट, दोन सीटचं, ६०० किलोपर्यंतचं, ज्यात अख्ख्या विमानासाठी पॅराशूट बसवलेलं असतं. स्वस्त पडतं, पण त्याचं लायसन्स जर्मनीचं राष्ट्रीय आहे, युरोपियन नाही. आता आपल्यासाठी महत्त्वाचं, एलएपीएल युरोपबाहेर चालत नाही. उद्या पुण्याला परत गेलात किंवा कंपनीने अमेरिकेला पाठवलं तर पीपीएल दाखवून पुढचं काही करता येतं कारण ते आंतरराष्ट्रीय नियमांतलं आहे, एलएपीएल दाखवून नाही. आपल्यापैकी किती जण दहा वर्षांनी त्याच गावात असणारेत? म्हणून जमत असेल तर पीपीएलच करा.

पैसे भरायच्या आधी मेडिकल. याचा क्रम बदलू नका. फ्लीगरआर्ट्स्ट म्हणजे वैमानिकांची तपासणी करायचा अधिकार असलेला डॉक्टर, त्याच्याकडे जायचं आणि क्लास टू मागायचं (एलएपीएलचं हलकं मेडिकल वेगळं असतं, ते पीपीएलला चालत नाही). चष्मा असला तरी अडत नाही, रंग ओळखता येतायत का ते ठिपक्यांच्या चित्रांवर बघतात, लघवी, रक्तदाब, ऐकू येणं वगैरे. चाळिशीच्या आत क्लास टू पाच वर्ष चालतं, चाळीस ते पन्नास दोन वर्ष, पन्नाशीनंतर दरवर्षी. भारतात झालेलं ऑपरेशन, दमा, बीपीची गोळी, काहीही असेल तर त्याचे कागद आधी मागवून भाषांतर करून न्या आणि काही लपवू नका. ऐनवेळी निघालं तर फाइल पुढे जाते आणि महिनोन्महिने अडकते. बरेचसे डॉक्टर इंग्लिश बोलतात, फोनवर विचारून घ्या.

दुसरा कागद म्हणजे त्स्यूप, हवाई सुरक्षा कायद्याखालची पार्श्वभूमीची तपासणी. ही जर्मन लोकांनाही करावी लागते, आपल्यासाठी खास नाहीये, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. फरक एवढाच की आपण आधी दुसऱ्या देशात राहिलेलो असतो, म्हणून तिथलं पोलीस क्लिअरन्स मागू शकतात. भारतीय कॉन्सुलेटमधून ते काढायला वेळ जातो, तेव्हा अर्जाच्या आधीच त्याच्या मागे लागा. पासपोर्टवरचं नाव, आन्मेल्डुंगवरचं (पत्ता नोंदणीच्या कागदावरचं) नाव आणि अर्जावरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं ठेवा, वडिलांचं नाव मधे आलं की इथल्या ऑफिसात गोंधळ होतो हे आपल्याला नवीन नाही. ही तपासणी पाच वर्ष चालते, नंतर परत अर्ज.

आता क्लब, जर्मनमधे फेराइन. जर्मनीत छोट्या विमानांचं जग उभंय ते क्लबांवर, बरेचसे डॉइचर एरो क्लब या मोठ्या संघटनेशी जोडलेले असतात. इन्स्ट्रक्टर बहुतेक स्वयंसेवक, म्हणजे आठवडाभर कुठेतरी इंजिनियर किंवा शिक्षक आणि शनिवारी फुकटात किंवा अगदी थोड्या पैशात शिकवणारे. विमान क्लबच्या मालकीचं. बदल्यात तुम्ही वर्षाला ठरलेले तास काम करायचं, गवत कापा, हँगर झाडा, हिवाळ्यात विमानाच्या देखभालीत हात लावा, समारंभाला केक आणा. आपल्याला हे काम जड वाटायचं कारण नाही, गणपती मंडळात मांडव घातलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं आहे. आणि खरं शिक्षण तिथेच होतं, कारण देखभालीच्या शनिवारी इंजिनचं कव्हर काढून ठेवलेलं असतं आणि कोणीतरी म्हातारा सभासद कार्ब्युरेटरमधे बर्फ कुठे धरतो ते बोटाने दाखवत असतो, ते पुस्तकात वाचून तेवढं डोक्यात बसत नाही.

क्लबला जाताना ईमेल पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका, बऱ्याच क्लबांचा ईमेल बघणारा माणूस आठवड्यातून एकदा बघतो. हवा चांगली असेल त्या रविवारी दुपारी सरळ जा. फ्लाइटलाइनच्या कुंपणाबाहेर कॉफी प्यायची जागा असते तिथे बसा, ग्रुस गॉट किंवा हालो म्हणा, शिकायचंय म्हणून सांगा. तोडक्यामोडक्या जर्मनमधे सुरू केलंत तर समोरचा आपणहून इंग्लिशवर येतो, आणि इंग्लिशमधे सुरू केलंत तर कधीकधी गप्प बसतो, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. चाचणीचं एक उड्डाण घ्या. पैसे थोडेसेच जातात आणि पोटाला झेपतंय का तेही कळतं. एकच क्लब बघून सही करू नका. विचारायचं ते हे: पॉवर म्हणजे इंजिनवाल्या विमानाचे इन्स्ट्रक्टर किती आहेत, गेल्या वर्षी किती जणांचं लायसन्स पूर्ण झालं, विमान देखभालीत किती दिवस पडून असतं, इंग्लिश बोलायला कोण तयार आहे. फक्त ग्लायडरचा, म्हणजे बिनइंजिनच्या विमानांचा क्लब असेल तरी तोंड फिरवू नका, ग्लायडरवर तयार झालेला हात आयुष्यभर कामाला येतो आणि खर्चही खूप कमी.

थिअरीचे नऊ विषय असतात: कायदा, हवामान, नॅव्हिगेशन, विमानाची रचना, उड्डाणाची तत्त्वं, मानवी क्षमता, नियोजन, कार्यपद्धती, संवाद. पर्यायी उत्तरांचे प्रश्न, प्रत्येक विषयात ७५ टक्के पाहिजेत, पहिल्या पेपरापासून १८ महिन्यांत सगळे संपवायचे आणि एका पेपराला चारच संधी. परीक्षा घेतं त्या त्या राज्याचं हवाई खातं, उदाहरणार्थ दक्षिण बायर्नला लुफ्टआम्ट झ्युडबायर्न. इथे भाषेचा पहिला खरा प्रश्न येतो. इंग्लिशमधे पेपर मिळेल का हे क्लबात ऐकीव माहितीवर ठरवू नका, तुमच्या खात्याला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. जर्मनमधेच द्यायचा असेल तरी घाबरू नका, प्रश्नांची भाषा ठरलेली असते, तेच तेच शब्द फिरून येतात. मॅक्सम्युलर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूटमधे बी-वन केलेला माणूस हिवाळाभर रोज अर्धा तास सराव प्रश्न सोडवत बसला तर त्याला हे जमतं. पण विषय आधी इंग्लिशमधे समजून घ्या आणि मग जर्मन शब्द त्यावर चढवा, दोन्ही एकदम करायला गेलात तर ना धड हवामान कळेल ना धड जर्मन. ब्रिटिश पुस्तकं यासाठी चांगली आहेत, फक्त कायदा आणि रेडिओचे धडे त्यातून अजिबात वाचू नका, तिथले नियम आणि बोलायची पद्धत दोन्ही वेगळं आहे.

क्लबात थिअरीचे वर्ग बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतात, म्हणून उन्हाळा संपता संपता सभासद व्हा, हिवाळ्यात अभ्यास, मार्चपासून उड्डाण. मे महिन्यात जोशात आलेल्या माणसाचा अर्धा सीझन कागदांतच जातो.

आता रेडिओ, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. रेडिओचं प्रमाणपत्र वेगळं असतं आणि ते देतं बुंडेसनेट्सआगेंटुर, म्हणजे इथलं दूरसंचार खातं. प्रकार असे: बीझेडएफ टू म्हणजे फक्त जर्मन, बीझेडएफ वन म्हणजे जर्मन आणि इंग्लिश दोन्ही, आणि बीझेडएफ ई म्हणजे फक्त इंग्लिश. हा ई आपल्यासारख्यांसाठी मोठी सोय आहे, कारण वनच्या परीक्षेत इंग्लिश उतारा वाचून त्याचं जर्मन करून सांगावं लागतं, तिथे जर्मन कच्चं असलेला अडकतो. प्रश्नसंच खात्याच्या साइटवर उघड आहे, पाठ होईपर्यंत करा. याशिवाय इंग्लिश भाषेची पातळी लायसन्सवर नोंदवावी लागते. चौथी लेव्हल चार वर्ष चालते, पाचवी सहा वर्ष, सहावी कायमची. ऑफिसात दिवसभर इंग्लिश बोलणाऱ्याने सरळ सहावीसाठी बसावं, फक्त समोरचा परीक्षक सहावी द्यायला अधिकृत आहे का ते आधी विचारा.

मग झालं की, ई घेतलं, इंग्लिशवर भागलं? अर्धवट भागतं. ऑग्सबुर्ग, मानहाइम, फ्रीडरिशहाफेन अशा टॉवरवाल्या विमानतळांवर कंट्रोलर इंग्लिश बोलतो, काही अडचण नाही. वर हवेत लांगन इन्फर्मेशन किंवा म्युनिक इन्फर्मेशन या रेडिओवरच्या माहिती सेवेला इंग्लिशमधे हाक मारा, व्यवस्थित उत्तर देतात. पण जर्मनीतले शेकडो छोटे विमानतळ, जिथे खरी मजा आहे, गवताची धावपट्टी, शेजारी केकचं दुकान, तिथे टॉवर नसतो, असतो तो फ्लुगलाइटर. तो माहिती देतो, परवानगी देत नाही, निर्णय तुमचाच. त्या विमानतळाच्या चार्टवर फ्रिक्वेन्सीच्या बाजूला भाषा लिहिलेली असते, काही ठिकाणी जर्मन आणि इंग्लिश दोन्ही, आणि बऱ्याच ठिकाणी फक्त जर्मन. ई असलेल्याने रेडिओवर इंग्लिशच बोलायचं, म्हणजे ते फक्त-जर्मनवाले विमानतळ तुमच्यासाठी बंद.

पण माझा मुद्दा नुसता परवानगीचा नाहीये. टॉवर नसलेल्या विमानतळावर तुम्हाला समोरच्यापासून वेगळं ठेवणारं कोणी नसतं, सगळे जण आपापली जागा रेडिओवर सांगतात आणि त्यावरून प्रत्येकाने डोक्यात चित्र उभं करायचं असतं, की गेगेनआनफ्लूगमधे (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने) एक ग्लायडर आहे, क्वेरआनफ्लूगला (धावपट्टीला आडवं) एक फाल्के मोटरग्लायडर वळतोय, आणि एंडआनफ्लूगवर (उतरायच्या सरळ रेषेत) मी. तुम्ही इंग्लिशमधे अगदी शुद्ध बोललात आणि बाकीचे तिघं जर्मनमधे काय म्हणाले ते कळलं नाही, तर तुम्ही आंधळे आहात. म्हणून जर्मन शिकायचं ते आधी ऐकण्यासाठी. आणि हे जर्मन फार नाहीये. धावपट्टीच्या फेरीतल्या चार बाजूंची नावं, रोलन (जमिनीवर चालणं), रोलहाल्ट (धावपट्टीआधी थांबायची जागा), आबफ्लुगबेराइट (उड्डाणाला तयार), डुर्शश्टार्टन (न उतरता परत वर जाणं), वाऱ्याची दिशा आणि वेग, उंची, विमानाचा प्रकार, एवढ्यातच बहुतेक बोलणं येतं. आकडे एकेक सुटे म्हणतात, दोनला ट्स्वो, त्यामुळे जर्मन आकड्यांच्या उलट्या क्रमाची भीती इथे नाही. आरत्यांचा क्रम जसा पाठ असतो, एक संपली की पुढची कुठली येणार हे ऐकायच्या आधीच माहीत असतं, तसं इथेही कोण कुठे पोचला की पुढे काय बोलणार हे ठरलेलं असतं, आणि मग मधलं एखादं वाक्य चुकलं तर लगेच कानाला लागतं.

सराव कसा करायचा हा खरा प्रश्न, कारण जर्मनीत घरी बसून रिसीव्हरवर विमानांचं बोलणं ऐकायला कायद्याने मनाई आहे, आणि इंटरनेटवर इतर देशांचं ऐकायला मिळतं तसं इथलं मिळत नाही. म्हणून क्लबच्या फ्लुगलाइटरशी ओळख करा आणि गर्दीच्या शनिवारी त्याच्या शेजारी वही घेऊन बसा. धावपट्टीचं चित्र काढा आणि प्रत्येक हाकेला त्यावर विमानाची खूण करा, मग खिडकीतून बघा खरंच तिथे आहे का. असे थोडे शनिवार काढले की कान तयार होतो, आणि क्लबातले सगळे तुम्हाला ओळखायला लागतात तो फायदा वेगळाच. दुसऱ्याच्या उड्डाणात मागच्या सीटवर बसायला मिळालं तर नाही म्हणू नका. आधी ई घ्या, सोलो म्हणजे एकट्याने उड्डाण वगैरे होऊ द्या, आणि वर्षभरात बीझेडएफ वन द्या, तोपर्यंत ते भाषांतर अवघड राहत नाही.

उड्डाणाबद्दल थोडंच लिहितो कारण ते इन्स्ट्रक्टरच शिकवणार. सेस्ना १५२, पायपर, अकिला, रोबिन, जे क्लबकडे असेल ते. विमान बदलत बसू नका, पहिल्या सोलोपर्यंत एकच विमान आणि शक्यतो एकच इन्स्ट्रक्टर. आठवड्यातून एकदा तरी उडा, महिन्याचा खंड पडला की मागचा तास परत विकत घ्यावा लागतो. गोंधळ झाला तर इंग्लिशमधे विचारा, हे इन्स्ट्रक्टरशी पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा, की हवेत घाईच्या क्षणी कुठली भाषा आणि विमानाचा ताबा देता-घेताना नेमके कुठले शब्द. ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. बऱ्याच क्लबांत, ग्लायडरवाल्यांत तर हमखास, पहिल्या सोलोनंतर सगळे सभासद ओळीने पार्श्वभागावर एकेक चापट देतात आणि हातात काटेरी रानफुलांचा गुच्छ देतात, आपल्या माणसाला आधी माहीत नसेल तर दचकायला होतं, पण तो मान आहे, आनंदाने घ्या.

हवेचं गणित आपल्याकडच्यापेक्षा वेगळं. नोव्हेंबरात दक्षिणेत होखनेबेल, म्हणजे जमिनीपासून थोड्या उंचीवर ढगाचं झाकण, आठवडा आठवडा बसतं. उन्हाळ्यात श्वेबिशे आल्बच्या डोंगरांवर दुपारी वादळं उठतात, म्हणून लांबची फेरी सकाळी. जर्मन हवामान खात्याचा गाफोर हा छोट्या विमानांसाठीचा अंदाज बघायला शिका, त्यात देश छोट्या छोट्या भागांत वाटलेला असतो आणि प्रत्येक भागाला एक अक्षर, एक्स आलं की तो भाग बंद. सगळ्या वेळा यूटीसीमधे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. रद्द झालेल्या शनिवारचं वाईट वाटू देऊ नका, त्या दिवशी हँगरमधे जा.

पैसे. क्लबात दोन सीटच्या विमानाचा तास साधारण १२० ते २०० युरो, इंधन धरून, आणि सगळं मिळून पीपीएल दहा हजार युरोच्या आसपास किंवा वर जातं, व्यावसायिक शाळेत त्याहून बरंच जास्त. एकदम मोठी रक्कम आगाऊ भरायला सांगणाऱ्या कुणालाही भरू नका, तासाला पैसे द्या.

लायसन्स मिळाल्यावर पाहुणे न्यायचे असतील तर गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झालेली पाहिजेत, आणि एलएपीएलवाल्याने आधी १० तास एकट्याने कमांडर म्हणून उडायला हवं. खर्च बरोबरच्यांमधे वाटून घेता येतो, नफा नाही. आईबाबा उन्हाळ्यात येणार असतील तर त्यांच्या व्हिसाच्या तारखांबरोबर हे ९० दिवसही मोजून ठेवा. पीपीएलचं रेटिंग दोन वर्षांचं असतं, दुसऱ्या वर्षात १२ तास (त्यात ६ कमांडर म्हणून), १२ टेकऑफ-लँडिंग आणि इन्स्ट्रक्टरबरोबर एक तास केला की नवं होतं.

आणि लॉगबुक पहिल्या दिवसापासून इंग्लिशमधे भरा, विमानतळांचे चार अक्षरी कोड, विमानाचा नंबर, वेळ यूटीसीमधे, इन्स्ट्रक्टरची सही त्याच दिवशी. पानांचे फोटो काढून ठेवा. देश बदलला तर नव्या देशाचं खातं जर्मन खात्याकडे लायसन्सची खात्री करायला पत्र पाठवतं, आणि तुमच्या तासांचा हिशोब त्या वहीवरूनच धरतात.